पीएचडीनंतरची तीन वर्षं

मी कोंढ्याहून बोलतोय, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. पवनीच्या स्तूपावर ब्राह्मी लेख सापडले, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण देशभरातले अरबी-फारसी शिलालेख वाचणारी पुरातत्त्व सर्वेक्षणाची शाखा आपल्या नागपुरात आहे, हे ठाऊक होतं का?

मराठ्यांचा इतिहास समजून घ्यायचा तर फारसी लागतेच. सेतुमाधवराव पगडींनी भीमसेन सक्सेनाचं 'तारीख-ए-दिलकुशा' मराठीत आणलं. भीमसेन मोगलांच्या चाकरीत होता. त्यामुळे लढाई पलीकडून कशी दिसत होती, ते आपल्याला कळलं. पण पगडी होते सरकारी अधिकारी. म्हणजे पोट नोकरीवर आणि अभ्यास उरलेल्या वेळात.

पोस्ट-डॉक फेलोशिप नेमका हा वेळ देते. पीएचडी झालीय, कायम नोकरी नाही, अशा काळात प्रबंधाचं पुस्तक करायचं, नवी हस्तलिखितं वाचायची. यूजीसीने २०२२ मध्ये डॉ. राधाकृष्णन यांच्या नावाने अशी योजना आणली: ९०० जागा, ३ वर्षं, महिना ५०,००० रुपये. भाषांचे अभ्यासकही त्यात येतात.

पण त्याच वर्षी मौलाना आझाद फेलोशिप बंद झाल्याचं सरकारने सांगितलं. अल्पसंख्याक समाजातल्या मुलामुलींना पीएचडीसाठी ती मिळायची. अरबी-फारसी शिकणारी कितीतरी मुलं याच घरांतली. आता खालचीच पायरी निघाली, तर वरच्या पायरीपर्यंत पोचणार कोण? आणि ते कागद वाचणार कोण?

अरबी-फारसीत एमए करणारं कुणी ओळखीचं असेल, तर हा भाग त्यांना नक्की पाठवा.