तबकड्यांच्या दारातील गर्दी

संगणकाच्या माहितीभांडारात जागा किती, हा प्रश्न कोणालाही सुचतो. त्या भांडाराच्या दारातून एका वेळी किती माहितीने ये-जा करावी, हा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे, आणि तो भांडाराइतकाच जुना आहे.

१९५६ साली अमेरिकेतील आय. बी. एम. कंपनीने ‘रॅमॅक’ नावाचे यंत्र पुढे आणले. चुंबकीय लेप दिलेल्या, २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या त्यात एकाच दांड्यावर फिरत आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. परंतु पन्नास तबकड्या वाचणारा हात मूळ यंत्रात एकच! तो एका तबकडीवरून मागे येई, वर किंवा खाली सरके आणि मग दुसरीकडे वळे. मागण्यांची रांग लागली ती या हातापाशी.

पुढे तबकडीच्या प्रत्येक पृष्ठासाठी स्वतंत्र वाचनशीर्ष आले, तरी रांग हटली नाही. १९६७ मध्ये पीटर डेनिंग यांनी तिचा गणिती विचार मांडला. प्रथम येईल त्याला प्रथम द्यावे, तर शीर्ष वृथा इकडून तिकडे धावते. जवळ असेल त्याला प्रथम द्यावे, तर काम भराभर उरकते खरे. पण कडेची बिचारी मागणी ताटकळतच राहते. त्यापेक्षा शीर्षाने या कडेपासून त्या कडेपर्यंत जावे आणि वाटेतील मागण्या पुरवीत जाव्यात, हा मार्ग त्यांना अधिक न्याय्य वाटला. रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्या माणसाला यातील मर्म निराळे समजावून सांगावयास नको.

१९८८ मध्ये बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनी एका महागड्या तबकडीऐवजी स्वस्त तबकड्यांचा ताफा वापरण्याची ‘रेड’ ही योजना मांडली. एखादी तबकडी निकामी झालीच, तर उरलेल्या तबकड्यांवरून तिच्यातील माहिती पुन्हा उभी करावयाची. मात्र त्यामुळे रांगेत एक नवा हक्कदार आला, तो म्हणजे दुरुस्ती! ती वेगाने करावी, तर ग्राहकांचे काम अडते. सावकाश करावी, आणि तेवढ्यात दुसरी तबकडी गेली, तर एकच तोटा सोसणाऱ्या ताफ्यातील माहिती कायमची गमावते.

लिनक्स या कार्यप्रणालीने यावर दोन मर्यादा घातल्या आहेत. तबकड्यांवर दुरुस्तीखेरीज अन्य वर्दळ चालू आहे काय, यावर ती लक्ष ठेवते. वर्दळ असेल तर दुरुस्ती सेकंदास १,००० किलोबाइटांपर्यंत उतरू दिली जाते, नसेल तर २,००,००० पर्यंत चढू दिली जाते. हिशेब केला, तर एक टेराबाइटची तबकडी वरच्या वेगाने सुमारे एक तास वीस मिनिटांत उभी राहील. खालच्या वेगाने मात्र अकरा दिवसांहून अधिक लागतील. ते अकरा दिवस ताफा एका तबकडीने लंगडाच असतो. ग्राहकांना थोडे थांबवून हा काळ कमी करावा काय, हे यंत्र ठरवीत नाही. दोन्ही आकडे बदलण्याची मुभा व्यवस्थापकास दिलेली आहे.