एक अल्बम, दोन पाठ आणि कॉफीचे दुकान

१/ जुन्या पोथ्यांचे अभ्यासक पाठभेदांकडे बारकाईने पाहतात. एका प्रतीत एक शब्द, दुसरीत दुसरा. त्या फरकातून काळ उलगडतो. ध्वनिमुद्रित संगीतातही असे पाठभेद आढळतात. कॅनडाची रॉक गायिका ॲलानिस मोरिसेट हिचा ‘जॅग्ड लिटल पिल’ हा अल्बम त्यांपैकीच एक.

२/ मूळ अल्बम १३ जून १९९५ रोजी प्रसिद्ध झाला. ॲलानिस तेव्हा २१ वर्षांची होती. निर्माता ग्लेन बॅलार्ड याच्यासह तिने ही गाणी रचली. विजेच्या गिटारी आणि न लपवलेला संताप ही त्यांची ओळख. जगभरात ३ कोटींहून अधिक प्रती खपल्या. १९९६ मध्ये वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

३/ बरोबर दहा वर्षांनी, १३ जून २००५ रोजी, तीच गाणी नव्याने ध्वनिमुद्रित होऊन आली. निर्माता पुन्हा बॅलार्डच. मात्र या वेळी अकॉस्टिक साज. गोंगाट ओसरला आणि शब्द पुढे आले.

४/ एका शब्दात तर काळच बदललेला दिसतो. ‘आयरॉनिक’ या गाण्यात मनाजोगता पुरुष भेटतो, पण तो विवाहित निघतो. १९९५ च्या पाठात त्याला पत्नी आहे. २००५ च्या पाठात पती. त्याच वर्षी २० जुलै रोजी कॅनडात समलिंगी विवाहाला देशभर कायदेशीर मान्यता मिळाली.

५/ वाद मात्र वेगळ्याच कारणाने पेटला. उत्तर अमेरिकेत पहिले सहा आठवडे हा अल्बम फक्त ‘स्टारबक्स’च्या कॉफीच्या दुकानांत मिळणार होता. ‘एचएमव्ही’ हे नाव मराठी श्रोत्यांना तबकडीवरच्या कुत्र्यामुळे परिचित आहे. कॅनडात त्याच नावाची दुकानांची मोठी साखळी होती. तिने निषेध म्हणून ॲलानिसचे जुने अल्बमही विक्रीतून काढून घेतले. स्वतःच्याच देशात गायिकेची कोंडी झाली.

६/ हा संताप समजण्याजोगा होता. २००३ मध्ये ‘आयट्यून्स’ची ऑनलाइन विक्री सुरू झाली होती. २००४ मध्ये ‘टॉवर रेकॉर्ड्स’ या नामांकित अमेरिकी साखळीने दिवाळखोरीचा अर्ज केला; २००६ च्या अखेरीस तिची अमेरिकेतील दुकाने बंद पडली. त्यातच रे चार्ल्सचा २००४ मधील अल्बम कॉफीच्या दुकानांतून भरघोस खपला होता. वर्षानुवर्षे गायकांना श्रोत्यांपर्यंत नेणाऱ्या दुकानदारांना आता आपल्या हातचे गिऱ्हाईक जाताना दिसत होते.

७/ म्हणून या दुसऱ्या पाठाचे वाचन दोन प्रकारे होऊ शकते. एक, तिशी ओलांडलेल्या गायिकेने आपल्याच तारुण्याकडे शांतपणे टाकलेली नजर. दुसरे, कॉफी पिताना कानाला खुपू नये इतका सौम्य केलेला संताप. दोन्ही वाचनांना आधार त्याच ध्वनिमुद्रणात सापडतो.

८/ पुढे २०१५ मध्ये ‘स्टारबक्स’ने सीडी विकणे थांबवले. २०१७ मध्ये कॅनडातील ‘एचएमव्ही’ची सर्व दुकाने बंद झाली. ज्या सीडीच्या विक्रीवरून २००५ चा उन्हाळा गाजला, तिला दोघांच्याही दुकानांत जागा उरली नाही.