घरगुती फाइल सर्व्हर

घरगुती फाइल सर्व्हर म्हणजे घरातील अनेक संगणकांना स्थानिक नेटवर्कवरून सामाईक साठवण पुरवणारा आणि त्या संगणकांवरील फाइलींच्या राखीव प्रती एकत्र ठेवणारा संगणक होय. जुना डेस्कटॉप संगणक, रास्पबेरी पायसारखा लहान संगणक किंवा याच कामासाठी तयार मिळणारे ‘नॅस’ उपकरण यांपैकी कशाचाही असा उपयोग करता येतो. राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, ही मूळ फाइलीव्यतिरिक्तची प्रत असते. मूळ फाइल पुसून सर्व्हरवर एकच प्रत ठेवल्यास तिला राखीव प्रत म्हणता येत नाही.

इतिहास

नेटवर्कवरून फाइली वापरण्याचे आज प्रचलित असलेले दोन प्रमुख प्रोटोकॉल १९८०च्या दशकातील आहेत. एनएफएस हा प्रोटोकॉल सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणला. एसएमबी हा प्रोटोकॉल आयबीएममध्ये तयार झाला व पुढे मायक्रोसॉफ्टने तो विंडोजसाठी स्वीकारला. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये लिहिलेल्या प्रणालीतून ‘सांबा’ हे मुक्त सॉफ्टवेअर विकसित झाले. त्यामुळे लिनक्सवर चालणारा साधा संगणकही विंडोज संगणकांचा फाइल सर्व्हर होऊ शकला. ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘आरसिंक’ ही प्रणाली फाइलीतील केवळ बदललेला भाग पाठवते.

मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये घरगुती वापरासाठी ‘विंडोज होम सर्व्हर’ आणला. एकापेक्षा अधिक हार्ड डिस्क असताना सर्व्हरवरील काही फाइली बिघडू शकतील असा दोष त्याच्या पहिल्या आवृत्तीत आढळला. तो २००८ मध्ये दूर करण्यात आला. या मालिकेतील शेवटची आवृत्ती २०११ची होय. ॲपलने २००७ मध्येच मॅक संगणकांसाठी ‘टाइम मशीन’ ही राखीव प्रती घेणारी सुविधा दिली. सध्या ट्रूनॅस व ओपनमीडियाव्हॉल्ट या मुक्त प्रणाली घरगुती सर्व्हरसाठी वापरल्या जातात.

उभारणी

सर्व्हरची साठवण ठरवताना सर्व संगणकांवरील मजकुराची बेरीज करून जुन्या आवृत्त्यांसाठी आणखी जागा धरावी लागते. सर्व्हर राउटरला तारेने जोडणे श्रेयस्कर ठरते. प्रतिसेकंद १ गिगाबिट वेगाच्या जोडणीवरून ५०० गीगाबाइट मजकूर पाठवण्यास सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ६७ मिनिटे लागतात; १०० मेगाबिटच्या जोडणीवर हाच काळ ११ तासांच्या वर जातो. पहिली प्रत पूर्ण असल्याने तिला वेळ लागतो. त्यानंतर केवळ बदललेल्या फाइली पाठवल्या जातात.

सर्व्हरला नेटवर्कवर कायमचा पत्ता दिला जातो. घरातील प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्र खाते व फोल्डर ठेवतात आणि प्रत्येक संगणकावर ठरलेल्या वेळी प्रत आपोआप घेण्याची व्यवस्था करतात. आठवणीवर अवलंबून असलेले काम कालांतराने मागे पडते. म्हणून ही स्वयंचलित व्यवस्था महत्त्वाची असते. वीज अचानक गेल्यास लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहू शकते, यासाठी सर्व्हरला यूपीएसची जोड देतात. सरासरी ३० वॅट वीज घेणारा सर्व्हर अखंड चालल्यास वर्षाला सुमारे २६३ युनिट वीज वापरतो.

जुना मराठी मजकूर साठवताना एक विशेष काळजी घ्यावी लागते. युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये टंकलेल्या फाइली तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरांच्या रूपात दिसतात. त्यामुळे अशा फाइलींबरोबर तो फाँटही जपून ठेवणे आवश्यक असते.

रेड आणि राखीव प्रत यांतील फरक

अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या पद्धतीला ‘रेड’ म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ च्या शोधनिबंधात तिची मांडणी केली. रेड १ या प्रकारात दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिला जातो. ४ टेराबाइटच्या दोन डिस्क जोडल्यास वापरायला ४ टेराबाइटच जागा मिळते. परंतु एक डिस्क बिघडली तरी काम थांबत नाही.

रेड ही राखीव प्रत नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी नाहीशी होते. चोरी, आग किंवा पुराचे पाणी यांपुढेही एका पेटीतील दोन डिस्क सारख्याच असुरक्षित असतात.

धोके व उपाय

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हे खंडणीखोर सॉफ्टवेअर एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतील त्रुटीचा लाभ घेऊन जगभर पसरले. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेलाही त्याचा फटका बसला. ही त्रुटी दूर करणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती. ती वेळेवर न बसवलेले संगणक असुरक्षित राहिले. म्हणून सर्व्हरची प्रणाली अद्ययावत ठेवणे, एसएमबीची पहिली आवृत्ती बंद करणे आणि सर्व्हर इंटरनेटवर थेट खुला न ठेवणे हे प्राथमिक उपाय मानले जातात. रोजच्या वापरातील खात्याला जुन्या प्रती पुसण्याचा अधिकार न दिल्यास बाधित संगणक त्या प्रतींपर्यंत सहज पोहोचू शकत नाही.

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम याच विचारावर आधारलेला आहे: मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक प्रत अन्य ठिकाणी असावी. घरगुती वापरात तिसरी प्रत नातेवाइकांकडे ठेवलेल्या बाह्य डिस्कवर किंवा सांकेतिक रूपात क्लाउडवर असू शकते.

पुनर्प्राप्तीची चाचणी

प्रत घेतली जाते म्हणजे ती परत मिळेलच असे नाही. १९९८ मध्ये पिक्सार या संस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या बऱ्याच फाइली एका आज्ञेमुळे पुसल्या गेल्या आणि राखीव प्रतीही सदोष असल्याचे तेव्हाच लक्षात आले. तांत्रिक विभागातील गॅलिन सुस्मन घरून काम करत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. तिच्या आधारे चित्रपट बराचसा परत मिळवता आला.

यासाठी ठरावीक कालावधीने काही फाइली सर्व्हरवरून दुसऱ्या संगणकावर परत आणून उघडून पाहतात. परत आणून उघडता आलेली प्रतच विश्वासार्ह मानली जाते.