एकस्वे व व्यापारचिन्हे, अहिल्यानगर जिल्ह्यातील : बहुदेशीय संरक्षणाचा इतिहास

नव्या व उपयुक्त शोधाबद्दल शोधकर्त्याला शासनाकडून ठराविक मुदतीपुरता मिळणारा अनन्य हक्क म्हणजे एकस्व किंवा पेटंट. आणि एका उत्पादकाचा माल दुसऱ्याच्या मालाहून वेगळा ओळखता यावा यासाठी त्याला दिलेले नाव, अक्षरे अथवा आकृती म्हणजे व्यापारचिन्ह होय. ज्या देशाच्या कायद्याने हे हक्क मिळतात, त्या देशाच्या सीमेवरच ते संपतात. संपूर्ण जगाला लागू असणारे एकस्व असा प्रकार अस्तित्वात नाही. त्यामुळे एकच यंत्र एका देशात मुक्तपणे बनविता येते आणि दुसऱ्या देशात ते विकणे हा हक्कभंग ठरतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा साखर कारखान्यांसाठी अधिक प्रसिद्ध असला, तरी या गुंतागुंतीचा अनुभव त्याला मुख्यतः वाहन उद्योगातून आला.

मुंबई विधानसभेचे 1946 ते 1952 या काळातील अध्यक्ष कुंदनमल फिरोदिया हे अहमदनगरचे. त्यांचे चिरंजीव नवलमल फिरोदिया यांनी बजाज उद्योगसमूहाच्या भागीदारीत वाहननिर्मितीत प्रवेश केला. 1958 मध्ये हँबर्गच्या ‘फिडाल अँड झोन’ या कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली आणि जर्मन बनावटीची तीनचाकी मालवाहू गाडी भारतात तयार होऊ लागली. ‘टेम्पो’ हे त्या जर्मन कंपनीचे व्यापारचिन्ह होते. योगायोगाने व्यापार व पण्यचिन्हांविषयीचा भारताचा नवा कायदाही 1958 सालचाच. पुढे मूळची जर्मन कंपनी दुसऱ्या उद्योगांत विलीन झाली आणि तिच्या देशात हे नाव मागे पडले. महाराष्ट्रात मात्र ते इतके रुजले, की कोणत्याही कंपनीच्या लहान मालवाहू गाडीला लोक टेम्पो म्हणू लागले. भाड्याने टेम्पो ठरविणाऱ्या शेतकऱ्याला हे कोणाचे तरी नोंदलेले नाव आहे, याची कल्पनाही नसते. मालकाच्या दृष्टीने अशी लोकप्रियता हानिकारकच म्हणावी लागेल; कारण त्या व्यवसायातील लोकच एखादे चिन्ह वस्तूचे सामान्यनाम म्हणून वापरू लागले, तर त्यावरील अनन्य हक्क टिकविणे कठीण होते. बजाज टेम्पो कंपनीने 2005 मध्ये फोर्स मोटर्स हे नाव धारण केले. तथापि बोलीतील टेम्पो गेला नाही.

याच भागीदारीतील दुसरी कंपनी म्हणजे बजाज ऑटो. तिने 1960 मध्ये इटलीच्या पियाजिओ कंपनीशी करार करून व्हेस्पा स्कूटर भारतात बनविण्यास प्रारंभ केला. 1968 च्या सुमारास बजाज व फिरोदिया विभक्त झाले आणि बजाज ऑटो बजाजांकडे राहिली. पियाजिओशी असलेला करार 1971 मध्ये संपला व त्याचे नूतनीकरण झाले नाही. करार संपताच बजाजला व्हेस्पा हे नाव सोडावे लागले. कारण परवानाधारक एखादे चिन्ह कितीही वर्षे वापरो, त्याची कीर्ती मूळ मालकाच्या खात्यात जमा होते. यंत्रसामग्री, कारागीर व अनुभव हे मात्र आकुर्डीलाच राहिले, आणि 1972 मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन ‘चेतक’ बाजारात आली. भारतात तिला मागणी इतकी होती, की ग्राहकांना अनेक वर्षे थांबावे लागे. परंतु 1980 नंतरच्या वर्षांत या स्कूटर पाश्चात्त्य देशांत जाऊ लागल्या, तेव्हा पियाजिओने अमेरिका, पश्चिम जर्मनी यांसारख्या देशांत आपल्या हक्कांच्या भंगाबद्दल दावे लावले. स्वदेशात निर्वेध असलेला माल परदेशी बंदरात उतरताच वादग्रस्त ठरला. प्रत्येक देशातील नोंदणी वेगळी, कायदा वेगळा आणि न्यायालयही वेगळे असल्याने अशा वादात निर्यातदाराला प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे उभे राहावे लागते; आणि हा खर्च पुष्कळदा मालाच्या नफ्याहून अधिक होतो.

फिरोदिया घराण्याच्या कायनेटिक एंजिनिअरिंग या कंपनीने अहमदनगर येथील कारखान्यात ‘लूना’ ही मोपेड तयार केली व 1972 मध्ये ती विक्रीस आणली. तिची रचना पियाजिओच्याच ‘चाओ’ या मोपेडवर आधारलेली होती. नाव मात्र आरंभापासून स्वतःचे होते. टेम्पो व व्हेस्पा यांच्या तुलनेत हा फरक महत्त्वाचा आहे. त्याच वर्षी 20 एप्रिल रोजी भारताचा 1970 चा एकस्व अधिनियम अंमलात आला. त्याने एकस्वाची सामान्य मुदत 14 वर्षे ठरविली. अन्न व औषधे यांच्या बाबतीत पदार्थावर एकस्व न देता केवळ प्रक्रियेवर, तेही अल्प मुदतीचे, एकस्व ठेवले. परदेशी शोधाची भारतात रीतसर नोंदणी झालेली नसेल, तर तो येथे कोणासही वापरता येई. स्थानिक उद्योगांना यामुळे वाव मिळाला, परंतु हा वाव देशाच्या सीमेपुरताच होता.

अनेक देशांत संरक्षण मिळविण्याची सोय 1883 च्या पॅरिस करारापासून उपलब्ध होती. त्यानुसार एका सदस्य देशात अर्ज केल्यावर एकस्वासाठी 12 महिने व व्यापारचिन्हासाठी 6 महिने इतर देशांत अग्रक्रम सांगता येतो. 1970 च्या एकस्व सहकार करारामुळे एकाच आंतरराष्ट्रीय अर्जाने अनेक देशांचे दार ठोठावता येते. मात्र एकस्व द्यावयाचे की नाही, हे प्रत्येक देशच ठरवितो. भारत या दोन्ही करारांत 7 डिसेंबर 1998 रोजी सामील झाला. तोवर मोजक्या देशांशी असलेल्या परस्पर व्यवस्था सोडल्या, तर भारतीय उत्पादकाला अग्रक्रमाचा आधार नव्हता. आपल्या उद्योजकांनी परदेशी नोंदणीकडे दुर्लक्ष केले असे म्हणताना ही वस्तुस्थिती विसरून चालणार नाही. व्यापारचिन्हांसंबंधीच्या माद्रिद व्यवस्थेत तर भारताचा प्रवेश 8 जुलै 2013 रोजी झाला. या व्यवस्थेत मूळ देशातील नोंदणी पहिल्या पाच वर्षांत रद्द झाली, तर तिच्यावर आधारलेली आंतरराष्ट्रीय नोंदणीही कोसळते. म्हणून स्वदेशातील नोंद भक्कम असणे अगत्याचे ठरते.

1984 मध्ये कायनेटिकने जपानच्या होंडा कंपनीशी संयुक्त उपक्रम केला. तिची गिअर न बदलता चालणारी स्कूटर मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे तयार होई आणि तिच्यावर दोन्ही नावे असत. 1998 मध्ये होंडा बाहेर पडली. जोडनावातील एक भाग असा सुटला, तरी लूना हे नाव निर्विवादपणे घराण्यातच राहिले. एकस्वाची मुदत आता 20 वर्षांची असून ती वाढत नाही. व्यापारचिन्हाची नोंद मात्र दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून कितीही काळ टिकविता येते. म्हणूनच फेब्रुवारी 2024 मध्ये कायनेटिक ग्रीनने विजेवर चालणारी ‘ई-लूना’ आणली, तेव्हा जुन्या एंजिनाचा अंशही तीत नव्हता, पण नाव तेच होते. या कंपनीचा कारखाना जिल्ह्यातील सुपे येथे आहे.

शेतीच्या क्षेत्रात हा प्रश्न उशिरा, परंतु अधिक तीव्रतेने उभा राहिला आहे. भारतात वनस्पतींच्या वाणांवर एकस्व मिळत नाही. त्यांच्यासाठी 2001 चा वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम असून, पैदासकाराबरोबर शेतकऱ्यांनाही आपल्या परंपरागत वाणांची नोंद त्याखाली करता येते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे (पद्मश्री, 2020) यांनी जतन केलेल्या देशी बियाण्यांच्या संदर्भात या तरतुदीचे मोल ध्यानात येते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसृत केलेल्या ‘भगवा’ या डाळिंबाच्या वाणाने तर राज्यातील डाळिंबाची लागवडच बदलून टाकली. परंतु भारतीय नोंदणीचा अंमल भारताबाहेर चालत नाही. उलट दिशेने पाहता, यूरोपीय संघ 1991 च्या आंतरराष्ट्रीय वाणसंरक्षण करारात सामील आहे आणि त्यानुसार पैदासकाराचा हक्क, तो रोपांच्या वेळी बजावता आला नसेल तर, तोडणी झालेल्या फळापर्यंतही पोहोचू शकतो. भारत या कराराचा सदस्य नाही. संरक्षित परदेशी वाणाची द्राक्षे परवान्याशिवाय लावली, तर बागेत त्यांना कोणी हरकत घेतली नाही, तरी यूरोपच्या बंदरात ती अडविली जाऊ शकतात. परवाना घेऊन लागवड करणाऱ्यास रोपांच्या किमतीखेरीज पैदासकाराला स्वामित्वशुल्कही द्यावे लागते.