स्वस्त तबकडीचे दप्तर

कलावंत आपली कारकीर्द स्वतः सांगू लागला म्हणजे पहिली कात्री लागते ती उमेदवारीच्या दिवसांना. सरकारी कचेऱ्यांतून आम्ही जुन्या फायलींचे ‘ए’, ‘बी’, ‘सी’ असे वर्ग पाडतो. ‘सी’ वर्गातील फायल फार तर दहा वर्षे जगते. संगीताच्या क्षेत्रात हा ‘सी’ वर्ग ठरवितो कोण, आणि त्यातले काही वाचते ते कोणामुळे? इंग्लंडातील गिटारवादक जेफ बेक यांच्या आरंभीच्या गाण्यांची हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

१९६५ साली ई.एम.आय. ही ध्वनिमुद्रण कंपनी आणि प्रकाशक पॉल हॅमलिन यांनी मिळून ‘म्यूझिक फॉर प्लेझर’ नावाची स्वस्त तबकड्यांची मालिका काढली. (आपल्याकडे डमडमच्या कारखान्यातून कुत्र्याच्या छापाच्या तबकड्या येत, त्या कंपनीचे मूळ घराणे हेच.) नेहमीची मोठी तबकडी तीस शिलिंगांच्या वर जात असता ही साडेबारा शिलिंगांस मिळे, आणि तीही वाण्याच्या वा वर्तमानपत्रवाल्याच्या दुकानात. कपाटात पडून असलेल्या मूळ ध्वनिफिती पुन्हा विकावयाच्या, एवढाच हिशेब. इतिहास जतन करावा असा हेतू यात कोठेही नव्हता, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो.

बेक यांचा जन्म १९४४ चा. १९६५ च्या मार्चमध्ये ‘यार्डबर्ड्स’ या वाद्यवृंदात एरिक क्लॅप्टन यांच्या जागी ते आले. त्याच वर्षीच्या ‘हार्ट फुल ऑफ सोल’ या गाण्यासाठी प्रथम एक सतारिया बोलाविला होता. सतारीचा नाद ध्वनिमुद्रणात बारीक पडला, तेव्हा बेक यांनी गिटारचाच आवाज खरखरीत करून तो भास उभा केला. बीटल्सची सतार त्या वर्षाच्या डिसेंबरात लोकांच्या कानी आली. म्हणजे त्या पंथात आपल्या सतारीची छाया आधी पडली ती गिटारवर.

१९६६ च्या अखेरीस यार्डबर्ड्सशी संबंध तुटल्यावर बेक निर्माते मिकी मोस्ट यांच्या हाती लागले. मोस्ट यांस गिटारचे कौतुक बेताचेच. त्यांस हवी होती खपणारी लहान तबकडी. १९६७ च्या मार्चमध्ये ‘हाय हो सिल्व्हर लायनिंग’ निघाले. बेक यांचा गळा गाण्याचा नव्हे, तरी ते त्यांच्याकडूनच गाववून घेतले. गाणे १४ व्या क्रमांकापर्यंत चढले. मागोमाग ‘टॅलीमन’ ३० वर अडकले आणि १९६८ साली ‘लव्ह इज ब्लू’ या चालू धुनेची वाद्य-आवृत्ती २३ वर. पहिल्या गाण्याची बेक यांस जन्मभर लाज वाटली. त्याविषयी त्यांनी दिलेली उपमा या पानावर छापण्याजोगी नाही.

परंतु त्या तबकडीच्या मागच्या बाजूस काय होते, ते पाहावे. ‘बेक्स बोलेरो’ ही धून १९६६ च्या मे महिन्यात लंडनमध्ये मुद्रित झाली. साथीस जिमी पेज, जॉन पॉल जोन्स, पियानोवर निकी हॉपकिन्स आणि ढोलांवर ‘द हू’चे कीथ मून. मून हे परक्या वृंदाचे म्हणून ओळख लपवून आले होते. पेज आणि जोन्स यांनी १९६८ साली ‘लेड झेपेलिन’ उभारले. त्या भारदस्त वादनाचे बीज या काही मिनिटांत दिसते. ते दहा महिने पडून राहिले आणि अखेर एका उडत्या गाण्याच्या पाठीवर बसून बाहेर पडले. तिचे कर्तृत्व कोणाचे यावर बेक आणि पेज पुढे कितीएक वर्षे हुज्जत घालीत राहिले.

१९६८ च्या ‘ट्रूथ’ या पहिल्या मोठ्या तबकडीत बेक यांनी बोलेरो घेतला. ‘सिल्व्हर लायनिंग’ अर्थातच वगळले. रॉड स्टुअर्ट यांच्या कंठाने सजलेली ही तबकडी अमेरिकेत १५ व्या क्रमांकावर गेली. तिचे मोठेपण आम्हांसही मान्य आहे. मात्र केवळ तिच्यावरून पाहिले तर बेक जणू पूर्ण घडूनच अवतरले असे वाटते. मोस्ट यांचा धाक, खपाची ओढ, न जमणारे गाणे, हे सारे तीत पुसले गेले.

पुसलेले परत आणले ते स्वस्त संकलनाने. सत्तरीच्या आरंभी ‘म्यूझिक फॉर प्लेझर’ने ‘द मोस्ट ऑफ जेफ बेक’ काढले. नावातला श्लेष कलावंताचा नव्हे, निर्मात्याचा. कंपनीने आवडनिवड केली नाही, कारण तिला आवड नव्हतीच. लहान तबकड्यांची गाणी होती तशी शेजारी शेजारी बसविली. आमच्या मते या काळापुरते ‘ट्रूथ’हून अधिक खरे दप्तर हेच. कारकुनाने शेरा न मारता फायलीत ठेवलेला कागद पुढे साहेबाच्या आत्मचरित्रापेक्षा उपयोगी पडावा, तसेच हे.

१९७२ साली ‘सिल्व्हर लायनिंग’ पुन्हा निघाले आणि पुन्हा १७ व्या क्रमांकास पोहोचले. शेफील्ड वेन्सडेचे फुटबॉलशौकीन त्याच्या चालीवर आपल्या संघाचे नाव घालून गातात. पुढे ‘ट्रूथ’च्या नव्या आवृत्तीतही कंपनीने ती तिन्ही गाणी शेवटी जोडून दिली. बेक २०२३ च्या जानेवारीत निवर्तले. तत्पूर्वी, २००९ च्या जुलैत लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, डेव्हिड गिल्मूर यांस सोबत घेऊन ते ‘सिल्व्हर लायनिंग’ गायले होते.