गोल्डनआयचे आजोळ

पडद्यावर बंदूक रोखलेला हात तेवढा दिसावा आणि बाकीचा देह खेळणाऱ्याने आपलाच मानावा, अशा नेमबाजीच्या खेळांची वंशावळ मांडताना जाणकार मंडळी १९९२ च्या 'वुल्फेनस्टाईन'वरून १९९३ च्या 'डूम'वर येतात आणि तेथून सरळ 'गोल्डनआय ००७' या १९९७ च्या ऑगस्टात निन्टेंडो ६४ या यंत्रासाठी निघालेल्या खेळापाशी पोचतात. पितृकुळापुरता हा दाखला मला मान्य आहे. परंतु या खेळाला आजोळही आहे, आणि ते कोणत्याही रक्तरंजित युद्धभूमीवर नसून, लाल टोपी घालून उड्या मारणाऱ्या मारिओच्या घरी आहे, असे माझे ठाम प्रतिपादन आहे.

जन्माचा तपशील सर्वश्रुत आहे. जेम्स बाँडचा त्याच नावाचा चित्रपट १९९५ च्या नोव्हेंबरात आला. इंग्लंडच्या लेस्टरशायर परगण्यातील ट्वायक्रॉस येथे रेअर कंपनीत मार्टिन हॉलिस यांच्या हाताखाली जी मंडळी खेळ रचत होती, त्यांपैकी बहुतेकांनी त्यापूर्वी एकही खेळ सिद्ध केलेला नव्हता.

आजोळाच्या वतनावर पहिला हक्क सांगणारा प्रतिस्पर्धी आहे तो सेगा कंपनीचा १९९४ चा 'व्हर्च्युआ कॉप', आणि त्याचा दावा दुर्बळ नाही. आगगाडीने रुळावरून जावे तसा खेळणारा ठरीव वाटेने पुढे जाईल, असाच ट्वायक्रॉसकरांचा आरंभीचा बेत होता. गोळी खांद्याला लागली की पायाला, यावरून पहारेकऱ्याने निरनिराळ्या रीतीने कोसळणे, मोजक्या गोळ्या संपताच बंदूक पुन्हा भरावी लागणे, निरपराध माणसांना जपणे, आणि कळ दाबताच पाऊल थांबून केवळ नेम धरता येणे, हे सारे तेथून घेतल्याची कबुली खुद्द हॉलिस यांनी दिलेली आहे. तथापि हा ऐवज हाताचा आणि डोळ्याचा आहे. हेराला हेरपण देणारी जी वस्तू, म्हणजे शिरावर घेतलेली कामगिरी, ती त्यात नाही.

ती आली १९९६ च्या जूनमध्ये जपानात प्रसिद्ध झालेल्या 'सुपर मारिओ ६४'मधून, आणि या ऋणाचाही निर्देश हॉलिस यांनी केला आहे. मारिओ एकाच प्रदेशात पुनःपुन्हा शिरतो, पण प्रत्येक खेपेस निराळ्या ताऱ्याच्या शोधात. भूमी तीच राहते आणि हेतू पालटल्यामुळे ती नवी होते. आता 'गोल्डनआय'मधले पहिले धरण पाहा. साध्या एजंटाला तेथून दोर बांधून खाली उडी मारणे एवढाच हुकूम असतो. तेच धरण डबल-ओ एजंट म्हणून ओलांडू जावे, तर धोक्याच्या सगळ्या घंटा निकामी करणे, गुप्त मोडेम बसवणे आणि शत्रूच्या माहितीची नक्कल हस्तगत करणे या तीन कामगिऱ्या उडीपूर्वी उरकाव्या लागतात. 'डूम'मध्ये काठिण्य वाढले की राक्षस वाढत. येथे शत्रू बळावतातच, पण त्यांच्याबरोबर कर्तव्येही वाढतात.

यावर कोणी १९९५ च्या 'डार्क फोर्सेस'चे नाव पुढे करील, कारण तेथेही कामगिरी मुक्रर केलेली असे. हा आक्षेप मी विचारात घेतला आहे. पण काठिण्य चढवल्याने तेथली कामगिरी वाढत नाही, आणि माझ्या मते वारसा ठरतो तो नेमका याच लक्षणावरून.

कालक्रमाचा प्रश्न मात्र अवघड वाटेल. 'गोल्डनआय'चे काम १९९५ मध्येच चालू झाले होते. मग पुढच्या वर्षी जन्मलेल्या मारिओचा संस्कार त्यावर कसा घडावा? याचे उत्तर रचनेच्या पद्धतीतच आहे. कार्ल हिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इमारती आधी उभ्या केल्या, त्याही चित्रपटाचे नेपथ्य प्रत्यक्ष पाहून, खऱ्या वास्तूत असाव्यात तशा खोल्या व जिने ठेवून. शत्रू कोठे उभा राहील आणि काय चोरायचे, हे नंतर ठरले. म्हणूनच त्या वास्तूंत कशाच्याही उपयोगी न पडणारी दालने आढळतात. वास्तू सिद्ध आणि हेतू रिकामा, अशा त्या नेमक्या घडीला मारिओ अवतरला असला पाहिजे, आणि रिकाम्या दालनांत कामगिऱ्या पेरण्याची युक्ती तेव्हाच सुचली असली पाहिजे, असा माझा तर्क आहे. प्रकाशनास त्या वेळी वर्षाहून अधिक अवधी होता, आणि कामगिऱ्या पेरण्यास तेवढा पुरेसा आहे.

या आजोळाची संपत्ती पुढच्या पिढीतही उतरली. रेअरच्याच २००० च्या 'परफेक्ट डार्क'मध्ये ती असणे ओघानेच आले. पण लुकिंग ग्लास या अमेरिकी कंपनीच्या १९९८ च्या 'थीफ'मध्येही काठिण्य चढत जाते तसतशी कामे वाढतात, आणि सर्वांत वरच्या पायरीवर तर एकाही माणसाचा जीव घेण्यास मनाई होते. नेमबाजीच्या पितृकुळात असा नियम निपजणे मला संभवनीय वाटत नाही.