शतपत्रे आणि सरकारी नोकराची लेखणी

मराठी माणूस नोकरीनिमित्त परप्रांती गेला की त्याच्या मनात लेखनाचा विचार पुष्कळदा डोकावतो. नवा मुलूख, नवी भाषा, नवे लोक ही सामग्री समोर असते, आणि आपली भाषा दुरावत असल्याची हुरहूरही असते. तरीही लेखन होत नाही. कारण विचारले तर वेळ नाही, स्वस्थता नाही, बदलीचा भरवसा नाही, अशी उत्तरे मिळतात, आणि ती खोटी नसतात. पण ज्या गृहस्थाने आधुनिक मराठी निबंधाचा पाया घालण्यास मोठा हातभार लावला, त्याच्यापाशीही यांतले काही नव्हते. हे गृहस्थ म्हणजे लोकहितवादी. त्यांच्या शतपत्रांचे सामाजिक महत्त्व पुष्कळांनी सांगितले आहे. येथे ती केवळ एका नोकरदाराच्या लेखनव्यवहाराचा नमुना म्हणून पाहावयाची आहेत.

गोपाळ हरि देशमुख यांचा जन्म पुण्यात १८२३ मध्ये झाला. पेशवाई बुडून तेव्हा अवघी पाच वर्षे लोटली होती. त्यांचे वडील सेनापती बापू गोखले यांच्या पदरी फडणीस होते, आणि बापू १८१८ मध्ये अष्टीच्या लढाईत पडले. घरात राज्याची आठवण ताजी, पण राज्य नाही, अशा वातावरणात ते वाढले. इंग्रजी शिकून १८४४ मध्ये दक्षिणेतील सरदारांच्या एजंटाच्या कचेरीत ते भाषांतरकार झाले. पुढे मुनसफीची परीक्षा, १८५२ मध्ये वाईची मुनसफी, १८६२ मध्ये अहमदाबादेस साहाय्यक न्यायाधीश, अशी त्यांची नोकरी चढत गेली. १८७९ मध्ये ते निवृत्त झाले. म्हणजे शतपत्रे लिहिणारा माणूस विद्यापीठातला पंडित नव्हता, की स्वतःच्या छापखान्याचा मालकही नव्हता. तो पंचविशीतला एक सरकारी नोकर होता.

भाऊ महाजन यांनी १८४१ मध्ये मुंबईस 'प्रभाकर' साप्ताहिक सुरू केले होते. त्यात मार्च १८४८ पासून 'लोकहितवादी' या नावाने पत्रे येऊ लागली, आणि सुमारे दोन वर्षांत त्यांची संख्या १०८ झाली. जवळजवळ दर आठवड्यास एक पत्र, असा हा हिशेब होतो. मुंबई-पुणे आगगाडी तेव्हा नव्हती. हिंदुस्थानातली पहिली प्रवासी गाडीच बोरीबंदर ते ठाणे अशी १८५३ मध्ये धावली. मराठी गद्याची घडीही पुरती बसली नव्हती. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ चे, मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. गंभीर विषय मराठीत कसा मांडावा याचे नमुने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

अशा स्थितीत या तरुणाने पत्राचा आकार निवडला, आणि पुढची सारी सोय त्या निवडीतून झाली. ग्रंथ लिहावयाचा म्हटले की आरंभ, मध्य, शेवट यांची जुळणी आली, साधने आली, दीर्घ सवड आली. पत्राला एक विषय पुरतो. एका पत्रात विधवांची दुर्दशा, दुसऱ्यात पंतोजींचे व शास्त्र्यांचे अज्ञान, तिसऱ्यात परदेशी मालाऐवजी देशी माल वापरण्याचा विचार, आणखी एकात विलायतेतल्यासारखे पार्लमेंट या देशात असावे ही त्या काळी विलक्षण वाटणारी मागणी. जे आज सुटले ते पुढच्या आठवड्यास घेता येते, म्हणून आजच सर्व काही सांगून टाकण्याचा हव्यास उरत नाही. वेळ नाही अशी तक्रार करणाऱ्याने आधी आपण कोणता आकार हाती घेतला आहे ते पाहावे. पुष्कळदा वेळेची तूट नसते, आकार अवाजवी मोठा असतो.

पत्राचा दुसरा गुण असा की ते कोणाला तरी लिहिलेले असते. कचेरीच्या भाषेत कर्ता हरवतो. 'असे आढळून आले आहे', 'कार्यवाही करण्यात यावी', 'सादर' अशी ती भाषा. टिपणीत ती आवश्यकही आहे, कारण तेथे बोलतो तो हुद्दा, माणूस नव्हे. पण दिवसभर तिच्यात राहिलेला अधिकारी संध्याकाळी लिहावयास बसला की तीच वळणे कागदावर उतरतात, आणि लेख वाचताना मसुदा वाचल्यासारखे वाटते. लोकहितवादींचा दिवसही दप्तरातच जाई. त्यांची पत्रे मात्र समोरच्या माणसाशी बोलतात. ती प्रश्न विचारतात, चिडतात, हात धरून समजावतात. ज्याला कचेरीचे वळण मोडावयाचे असेल त्याने एखादा ओळखीचा वाचक मनात धरून लिहून पाहावे.

विषयासाठीही ते दूर गेले नाहीत. ज्या कचेरीत त्यांनी नोकरी धरली, तिचे काम जुन्या सरदार घराण्यांशी होते. राज्य गेल्यावर मानमरातब सांभाळीत बसलेला वर्ग त्यांच्या रोजच्या व्यवहारात होता, आणि राज्य का गेले हा प्रश्न घरातूनच आलेला होता. गुप्त कागद न फोडताही नोकरी माणसांविषयी जे शिकवते, ते लेखकाची खरी मिळकत असते.

या पत्रांचे दोषही सांगितले पाहिजेत, कारण त्यांतूनही शिकण्यासारखे आहे. आठवड्याच्या निकडीमुळे पुनरुक्ती होते, विधाने सरसकट होतात, आणि इंग्रजी राज्याच्या गुणांचे वर्णन कित्येक ठिकाणी भाबडे वाटते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुढे 'निबंधमाले'तून त्यांच्यावर कडाडून टीका केली. त्या टीकेत अन्याय पुष्कळ आहे, परंतु स्वजनांचे दोष दाखविताना लेखणी जितकी मोकळी सुटते तितकी राज्यकर्त्यांविषयी सुटत नाही, हा तिचा रोख टाळून चालत नाही. शतपत्रांचा मारा मुख्यतः स्वसमाजावर आहे. लेखक सरकारी नोकर होता हे लक्षात ठेवूनच तो वाचावा लागतो.

गंमत अशी की 'निबंधमाला' १८७४ मध्ये निघाली तेव्हा चिपळूणकरही सरकारी शाळेत शिक्षक होते. एका माणसाने, नोकरी करीत, जवळजवळ एकट्याच्या लेखणीवर मासिक चालवावे, हा उद्योग थोर खरा. त्यांचा आकार मात्र उलटा होता. लांब निबंध, घोटलेली वाक्ये, एकच विषय अंकामागून अंक. मध्यंतरी त्यांची रत्नागिरीस बदली झाली, आणि १८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. मालेच्या अखेरच्या पर्वातला 'आमच्या देशाची स्थिती' हा निबंध पुढे सरकारने जप्त केला. जे लिहावयाचे होते ते नोकरीत राहून लिहिता येणार नाही, असे दिसल्यावर एकाने नोकरी सोडली. दुसऱ्याने नोकरी ठेवून जेवढे लिहिता येईल तेवढे नेमाने लिहिले. दोघांचीही मराठीला गरज होती.

हा प्रश्न आजही मिटलेला नाही. १९६४ चे केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम शुद्ध वाङ्मयीन, कलाविषयक किंवा शास्त्रीय लेखनाला मोकळीक देतात, आणि शासनाच्या धोरणावरील जाहीर टीकेला अटकाव करतात. ही रेषा लेखकाने आधीच नीट पाहून घ्यावी. ती न पाहता लिहिणारा एके दिवशी अडचणीत येतो. तिच्या नुसत्या धास्तीने न लिहिणाऱ्यांची संख्या मात्र कितीतरी मोठी आहे. रेषेच्या अलीकडे इतिहास, प्रवास, लोकरीती, भाषा, व्यक्तिचित्रे, शास्त्र असा अफाट प्रदेश मोकळा पडलेला असतो.

लोकहितवादींनी तो वापरला. अहमदाबादेस गेल्यावर परमुलखात आपले कोण, असे म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. तेथील प्रार्थनासमाजाच्या कार्यात ते पडले, 'हितेच्छु' हे पत्र सुरू होण्यास त्यांचे साहाय्य झाले, आणि ज्या प्रांतात नोकरी केली त्या गुजरातचा व सौराष्ट्राचा इतिहास त्यांनी मराठीत लिहिला. हे इतिहास निवृत्तीनंतरच्या काळातले आहेत. निवृत्तीनंतर लिहू असे म्हणणारे पुष्कळ असतात. लोकहितवादींना ते साधले, कारण पंचविसाव्या वर्षापासून हाताला सवय होती. १८९२ मध्ये पुण्यात त्यांचा अंत झाला तेव्हा लहानमोठी तीसहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर होती.

तेव्हा गुवाहाटीस, भोपाळास किंवा चेन्नईस असलेल्या वाचकाने ग्रंथाचा संकल्प तूर्त बाजूस ठेवावा. ज्या गावी नेमणूक आहे त्या गावाविषयी एकच गोष्ट निवडावी. तेथील बाजार, तेथील एखादे जुने मराठी घराणे, कचेरीच्या इमारतीचा इतिहास, काहीही चालेल. ती दोन पानांत, कोणाला तरी सांगितल्यासारखी लिहावी, खाली तारीख घालावी, आणि पुढच्या आठवड्यास दुसरी घ्यावी. बदलीचा हुकूम येईल तेव्हा सामानात एक वही अधिक असेल, आणि त्या गावाविषयी मराठीत कदाचित तेवढीच एक वही असेल.